कागदामागं चालणारी संजना

संजना गांगुर्डेकडं काम घेऊन आलेला माणूस पहिल्याच भेटीत गांगरतो. रंग कोणता, आकार केवढा, फोटो कोणाकोणाचे, असल्या प्रश्नांची तयारी करून तो आलेला असतो. जेल रोडला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर तिची खोली. भिंतीवर ना प्रमाणपत्रं, ना बक्षिसं. ती चहा पुढं करते, आणलेला कागद उलटासुलटा करून बघते आणि विचारते, "हे नंतर कुठं जाणार?"

"नंतर म्हणजे?"

"छापलं, वाटलं, लोकांनी बघितलं. मग?"

आता कोणी नव्या दुकानाचं पत्रक काढायला आलेला असतो, कोणी मुलीचं लग्न काढलेलं असतं. बारशालाच ही बाई तेराव्याचं विचारते, असं त्याला वाटलं तर त्याची काय चूक? काही जण चहा अर्धा ठेवून उठतात. जे उठत नाहीत ते डोकं खाजवत उत्तर शोधू लागतात आणि संजनाचं काम तिथून सुरू होतं. बाकीच्या डिझायनर मंडळींची जबाबदारी कागद छापखान्यातून बाहेर पडला की संपते. हिची तिथून पुढं असते.

ही खोड तिला लागली ती शेंगदाण्यांमुळं. हसू नका, खरंच शेंगदाण्यांमुळं.

कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून ती कॉलेज रोडवरच्या एका जाहिरात कंपनीत लागली, तेव्हा एकलहऱ्याच्या कॉलनीत पेढे वाटले गेले होते. वडील कारभारी गांगुर्डे तिथल्या वीज केंद्रात कोळसा हाताळणीला. त्यांचं सगळं आयुष्य काळ्या धुळीत गेलेलं, त्यामुळं मुलगी एसीत बसून पगार घेते याचं त्यांना मोठं अप्रूप. ती नेमकं काय करते हे सांगताना मात्र त्यांची पंचाईत व्हायची. "डिझाइन करती." "कपड्यांचं?" "नाय, कागदाचं." ऐकणारा "अच्छा" म्हणायचा आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचा.

कंपनीत तिच्याकडं फ्लॅटच्या स्कीमची माहितीपत्रकं होती. जाड, गुळगुळीत कागद, निळाशार स्विमिंग पूल, पुलाच्या कडेला हसणारं कुटुंब. एका संध्याकाळी गंगापूर रोडला तिनं गाडीवरून खारे दाणे घेतले, तर पुडीवर तोच पूल आणि पुलात एक दाणा पडलेला. दुसऱ्या कोणाला वाईट वाटलं असतं. हिला नवल वाटलं. कागद आवडला का, असं तिनं गाडीवाल्यालाच विचारलं.

"कसला आवडतोय ताई," तो वैतागून म्हणाला. "गुळगुळीत हाय ना. पुडी वळली का लगेच उलगडती. निम्मे दाणे रस्त्यावर."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या रद्दीवाल्याकडं गेली. तिथं माहितीपत्रकांचे गठ्ठे होते, दोरीसुद्धा न सोडलेले. हे ऑफिसात सांगितल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, आपण काय शेंगदाण्यांसाठी डिझाइन करतो का?" सगळं ऑफिस खो खो हसलं. संजनाही हसली. पण घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात तेच, की शेंगदाण्यांसाठी केलं तर काय बिघडलं? शेवटी कागद शेंगदाण्यांनीच वापरला की. त्या साहेबांच्या हाताखाली ती फार दिवस टिकली नाही, हे सांगायला नकोच.

मग तिनं स्वतःचं काम सुरू केलं आणि कागदाच्या मागं चालू लागली. अगदी शब्दशः. पत्रक वाटणाऱ्या पोराच्या मागं ती दोन चौक जायची आणि कोण घडी घालून खिशात ठेवतं, कोण पुढच्या खांबाशी सोडतं हे बघायची. दिंडोरीच्या एका बेदाणेवाल्याच्या घरी गेली, तर त्याच्या बहिणीनं बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यात सुईदोरा आणि बटणं ठेवलेली. संजनानं पुढचं खोकंच असं काढलं, की आत दोन कप्पे आणि झाकण घट्ट. बेदाण्याचा फोटो नाही, द्राक्षाचा घड नाही. बेदाणेवाला कुरकुरला, पण ते खोकं आजही तालुक्यातल्या कितीतरी घरांत शिवणयंत्राशेजारी दिसतं आणि त्यावर त्याचं नाव आहे. याला जाहिरात म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

तिचं नाव झालं ते मात्र लग्नपत्रिकांमुळं, आणि ती गोष्ट सुरू झाली गंगेवर. नाशिकच्या माणसाला गोदावरी म्हणायचा कंटाळा, त्याची ती गंगाच. एका सकाळी पुलाजवळ निर्माल्याच्या ढिगात तिला स्वतःच डिझाइन केलेल्या एका लग्नपत्रिकेचा गठ्ठा दिसला. वरचा गणपती तिनं ब्रशनं काढलेला, एका ओढीत सोंड, जीव लावून केलेलं काम. त्या ओल्या गठ्ठ्यावर एक कुत्रं अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं स्कूटरवरून एक गृहस्थ आले आणि पिशवीभर पत्रिका त्यांनी ढिगावर ठेवल्या. वरून नमस्कारही केला.

"काका, घरच्या कचऱ्यात का नाही टाकल्या?"

"असं कसं टाकणार? देव आहे ना वर," काका म्हणाले आणि निघून गेले.

हे तिला नवं नव्हतं, फक्त याआधी दिसलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरी पलंगाच्या खणात पत्रिकांचे थर होते. त्यांवर बुद्ध आणि बाबासाहेब. ते फोटो रद्दीत घालायचे कसे? आईनं वर्षानुवर्षं एकही पत्रिका टाकली नव्हती आणि त्यापायी गाद्या कपाटावर चढल्या होत्या. म्हणजे देव मानणारे असोत की न मानणारे, सगळ्यांची अडचण एकच. संजनानं तिथंच नियम केला. जे टाकलं जाणार आहे, त्याच्यावर जे टाकता येत नाही ते छापायचं नाही.

नियम करणं सोपं. गणपतीशिवाय पत्रिका म्हटल्यावर गिऱ्हाइकं अशी बघायची, जणू हिनं नवरदेवाशिवाय लग्न सुचवलंय. पंचवटीतल्या अंजलीताई नावाच्या शिक्षिकेनं धीर केला. मुलाचं लग्न होतं. पत्रिका सुरेख झाली, अंजलीताई खूश होऊन घरी घेऊन गेल्या आणि तिथं त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. संजना चौकशीला गेली तर बाई जमिनीवर बसलेल्या, पुढं कुंकवाची वाटी, आणि एकेका पत्रिकेच्या माथ्यावर अनामिकेनं ठिपका लावणं चाललेलं. आपण चोरी करताना सापडलो असं तोंड करून त्या म्हणाल्या, "रागावू नका हो. कोरी कशी पाठवू?"

रागवेल ती संजना कसली. ती त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली आणि बघत राहिली. प्रत्येक ठिपका वेगळा, कुठं ठसठशीत, कुठं फिकट. छापलेला गणपती हजार पत्रिकांवर एकसारखा हसतो. हा ठिपका मात्र त्या घरच्या बाईनं त्या एका पाहुण्याचं नाव वाचून लावलेला. त्यानंतर तिच्या पत्रिकांच्या माथ्यावर रुपयाएवढी कोरी जागा असायची. शहरात ती 'कुंकवाची पत्रिका' म्हणून चालली आणि लोक लांबून येऊ लागले.

सगळीकडं जमलं असं नाही. त्र्यंबकला लताबाईंचं पेढ्यांचं दुकान. त्यांच्या खोक्यावर देवाचा फोटो, रिकामी खोकी जवळच्या पिंपळाखाली साठायची आणि शेळ्या ती चघळत बसायच्या. संजनानं फोटो काढून टाकला, नुसता ब्रह्मगिरीचा आकार ठेवला. भाविक खोकं हातात घेऊन विचारायचे, "प्रसादाचे कुठं आहेत?" आणि पलीकडच्या दुकानात जायचे. महिनाभरात लताबाईंचा फोन आला. "ताई, तुमचा नियम लय चांगला हाय, पण तो माझ्या गल्ल्यात बसत नाय." त्यांनी जुनं खोकं परत आणलं. संजना पुढं कितीतरी दिवस त्या शेळ्यांची आठवण काढून हळहळत होती.

या सगळ्या खटाटोपात तिच्या पाठीशी उभं राहिलेलं एकच माणूस, रविवार कारंजाजवळच्या बोळातले छापखानेवाले सुनीलभाऊ. माणूस पन्नाशीचा, मिश्किल, हात कायम शाईचे. रोज सकाळी मशीनवरच्या देवांना उदबत्ती ओवाळून मगच बटण दाबणार. पत्रिकेवरचा गणपती तिनं काढून टाकला तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, माझा साडू बँड वाजवतो. त्याला सांगतो, आज गणपती गेला, उद्या तुम्ही त्याच्या हातची पिपाणी काढून घेणार आहात." पण तिचं काम त्यांनी कधी अडवलं नाही. दुपारी त्यांच्या आईच्या हातचा डबा यायचा आणि त्यात एक भाकरी संजनाची असायची. सणाला तिच्यासाठी पुरणपोळी वेगळी बांधून यायची. त्या माउलीला संजनानं कधी पाहिलं नव्हतं, डब्यावरून ओळखत होती.

आणि मग तिच्या धाकट्या बहिणीचं, तेजलचं लग्न ठरलं. मुलगा मनमाडचा, राकेश नावाचा. दोघंही एकाच दवाखान्यात, ही लॅबमध्ये, तो हिशेबाला. सगळं कसं गोडीत चाललेलं. पत्रिका तर घरचीच, म्हणून संजना एका रविवारी नमुना घेऊन एकलहऱ्याला गेली. जाडसर मळकट पांढरा कागद, निळी अक्षरं आणि माथ्यावर एक पिंपळपान.

कारभारींनी चष्मा लावला. पत्रिका पुढून बघितली, मागून बघितली, घडी उलगडून आत बघितलं.

"फोटो कुठंय?"

"पप्पा, पान आहे ना. बोधिवृक्षाचं."

"पान तर वास्तुशांतीच्या पत्रिकेवर पण असतं. पानावरनं काय कळतंय कोणाला?"

"फोटो छापला की पत्रिका टाकता येत नाही. आपला पलंग बघा."

"पलंगाला काय झालंय? मी झोपतो की त्याच्यावर."

आई दोघांच्या मधे बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "मी झोपती भिंतीकडनं. मला टोचत्यात पत्रिका." पण या वेळी कोणी हसलं नाही.

कारभारींनी पत्रिका टीपॉयवर ठेवली. "तू कागद जातो कुठं ते बघती. बरं हाय. पण आधी तो जातो कुणाच्या दारात, ते बघितलं का?" मग त्यांनी जे सांगितलं ते संजनानं पूर्वी तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं, सलग कधीच नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात छापखानेवाला म्हणाला होता, गणपतीचा ठसा तयार आहे, सगळेच घालतात, तुम्ही पण घाला. बाबासाहेबांचा ठसा त्याच्याकडं नव्हताच. कारभारी सायकल मारत देवळालीला एका ओळखीच्याकडं गेले आणि ठसा रुमालात बांधून घेऊन आले. ती पत्रिका त्यांनी प्लांटवर वाटली. एकानं घेतली, फोटो बघितला, कपाटात टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा जेवणाचा डबा दुसऱ्या बाकावर उघडायला लागला. दुसऱ्या एकानं फोटो बघितला आणि लग्नाला बायकोपोरांसकट आला.

"तवापासून मला कळलं, पत्रिका कशासाठी असती," कारभारी म्हणाले. "फोटो बघून जो येतो, तो पाहुणा. फोटो नसताना जो येतो, त्याला तो कोणाकडं आलाय हेच माहीत नसतं. असल्या पाहुण्याचं मी काय करू?"

संजना म्हणाली, "गणपती काढला तेव्हा कोणाचं काही गेलं नाही, पप्पा."

"नाय जाणार. त्यांचा गणपती काढला तरी सगळ्यांना माहीत असतं ते कोण हायत. आपला फोटो काढला का आपण कोणीच राहत नाय." त्यांनी चष्मा काढला. पुढचं बोलावं की नाही याचा विचार करून मग बोलले, "तुझ्या स्वतःच्या कार्डावर पण नुसतं 'संजना' हाय. आडनाव नाय. ते पण कचऱ्यात जाईल म्हणून काढलं का?"

संजनानं टीपॉयवरची पत्रिका उचलून पिशवीत ठेवली. कारभारींनी उठता उठता निकाल देऊन टाकला. फोटो नसेल तर पत्रिका तिनं वाटाव्यात, ते एकाच्याही दारात जाणार नाहीत. आणि पोरीच्या लग्नाची पत्रिका बाप वाटत नाही, याचा अर्थ चारचौघांत काय होतो, हे तिला सांगायची गरज नव्हती.

तेजल तिला रिक्षापर्यंत सोडायला आली. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "ताई, नियम मोडला तर तुझं काय जाईल?"

"नाव जाईल. ज्यांचा गणपती काढला ते म्हणतील, दुसऱ्यांना ब्रह्मज्ञान, आणि घरात?"

"ते म्हणोत. ते नाही तुला टोचत." तेजल लॅबमध्ये काम करते, तिला सुई कुठं घालायची ते बरोबर कळतं. "सुनीलभाऊंना कळेल, म्हणून घाबरतेस."

संजना चिडली. इतकी चिडली, की तिचं तिलाच कळलं, बाण लागलाय. सुनीलभाऊंच्या छापखान्यात गेली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं एक वाक्य ऐकलं होतं. कोणी तरी बौद्ध लग्नाच्या निळ्या पत्रिका घेऊन आलं होतं आणि सुनीलभाऊ कामगाराला म्हणाले होते, "निळ्या पत्रिका दुपारनंतर घे. सकाळी मशीनवर नको." बस्, एवढंच. सकाळी उदबत्ती लागते, सकाळी नको. तिनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला आणि मनात ठेवला. जी बाई शेंगदाणेवाल्याला, रद्दीवाल्याला, घाटावरच्या अनोळखी काकांना अडवून विचारते, तिनं हे एक मात्र कधीच विचारलं नाही. स्वतःचं आडनावही सांगितलं नाही. भाकरी येत राहिली, ती खात राहिली. ती भाकरी बंद होईल ही भीती इतकी जुनी झाली होती, की तिला ती भीती वाटेनाशी झाली होती. आपला नियम खरा की नियमाच्या आड आपण बसलोय, हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला, आणि तो फार वाईट होता.

आठवडाभर तिनं दुसरं काम हातात घेतलं नाही. पिंपळपान मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. मग एका सकाळी पान काढून टाकलं आणि त्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब घातले. नेहमीसारखे कोपऱ्यात दाटीवाटीनं, गुलाबांच्या महिरपीत नव्हे. माथ्यावर, मोकळ्या जागेत, शांत. खाली पहिल्याच ओळीत कारभारी गांगुर्डे, पूर्ण नाव, पूर्ण आडनाव. कोणाला चुकून दुसरं काही वाटू नये असं. डिझाइन म्हणून ते तिचं आजवरचं उत्तम काम होतं, हे तिला लगेच कळलं आणि त्याचा आनंदही झाला, धास्तीच्या पोटातच.

ती स्वतः छापखान्यात गेली. मेलवर पाठवून उत्तराची वाट बघत बसायची तिची छाती नव्हती. सुनीलभाऊंनी कागद उजेडात धरला. शाईचं बोट लागणार नाही असा कडेनं धरला. वाचला.

"तेजलचं का? अरे वा. छान झालीय पत्रिका. मोकळी."

संजना वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. शेवटी तिनंच विचारलं, "तुम्हाला काही वाटलं नाही?"

"कशाचं?"

"ह्याचं." तिनं माथ्याकडं बोट दाखवलं.

सुनीलभाऊंनी कागद खाली ठेवला. "मॅडम, मला कधीपासून माहीत आहे. एकदा तुम्ही खाली कागद उतरवून घेत होता, फोन इथं वाजत होता. स्क्रीनवर पप्पा. मी उचलला. तिकडून 'जय भीम' आलं, मी पण 'जय भीम' म्हणालो. ठेवून दिला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला नको असेल."

संजनाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. मग जे पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं ते विचारलं. निळ्या पत्रिका सकाळी का नकोत?

"निळा सकाळी?" सुनीलभाऊंना प्रश्नच कळला नाही. "एका रंगाची मशीन आहे हो आपली. आधी पिवळा चालवायचा, मग लाल. निळा एकदा चढला की रोलर किती का धुवा, मागून येणारा पिवळा हिरवट येतो. मारवाड्यांच्या पत्रिका हिरव्या झाल्या तर मार कोण खाईल? तुम्ही इतकी वर्षं इथं येता, हे नव्हतं माहीत?"

नव्हतं माहीत. तिनं मान हलवली.

सुनीलभाऊ मात्र गंभीर झाले. फडक्यानं हात पुसत म्हणाले, "एक सांगतो, लपवत नाही. मला माहीत होतं. आईला नाही. मी तिला कधी सांगितलं नाही. ती जुनी आहे, काय म्हणेल मला खरंच माहीत नाही. आता पत्रिका घरी जाणार म्हणजे तिला कळणारच. पण माझ्या हातून नको. तुम्ही येऊन द्या."

तिनं वडिलांना फोन लावला. "पप्पा, पत्रिका छापून झाल्या की आधी माझ्याबरोबर एका घरी यायचंय."

"कोणाच्या?"

तिनं सांगितलं. तो डबा येतो ते घर, एवढं म्हटल्यावर त्यांना कळलं.

"फोटो हाय ना वर?"

"आहे. आणि त्यांच्या आईला माहीत नाही, पप्पा."

"येतो," कारभारी म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सुनीलभाऊंचं घर छापखान्याच्या मागच्याच आळीत, तळमजल्यावर. सुनीलभाऊ मुद्दाम दुकानातच थांबले. कारभारींनी बेल दाबली आणि एक पाऊल मागं सरून पायरीच्या खाली उभे राहिले. परक्या घरी पत्रिका द्यायची ती अशीच, दारातून द्यायची, हात जोडायचे, निघायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. समोरच्याला 'आत या' म्हणायचं की नाही या कोड्यात ते पडू देत नसत. संजना त्यांच्या मागं उभी राहिली.

दार उघडलं ते एका लहानखुऱ्या म्हातारीनं. कपाळाला मोठं कुंकू, हाताला पीठ.

"मी संजना, आई. छापखान्यात..."

"अगं, तू होय!" म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, अंगानं भरलेली असशील. एवढं पाठवते, जातं कुठं?"

कारभारींनी पत्रिका दोन्ही हातांत धरून पुढं केली, फोटो वर येईल अशी. "जय भीम," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा लागला. "माझ्या धाकट्या मुलीचं लग्न हाय. सगळ्यांनी यायचं."

म्हातारीनं पदराला हात पुसले. वाकून पत्रिकेकडं बघितलं. चष्मा नव्हता, म्हणून आणखी वाकली. बुद्धांकडं बघितलं, बाबासाहेबांकडं बघितलं, मग खालच्या नावावरून बोट न लावता नजर फिरवली. मग मान वर करून कारभारींकडं, मग संजनाकडं. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते संजनाला वाचता येईना. क्षणभर तिला वाटलं, आपण ही पत्रिका करायला नको होती. पुढच्याच क्षणी वाटलं, हीच करायला हवी होती, काहीही होवो.

पत्रिका घ्यायला म्हातारीचा हात पुढं आलाच नाही. कारभारींचे हात तसेच राहिले.

"नाही बाबा," ती म्हणाली. "उंबऱ्यावरून शुभकार्याची पत्रिका घेत नसतात. कळत कसं नाही तुम्हाला? आधी आत या, बसा, मग द्या."

आणि ती पाठ फिरवून पाणी आणायला आत गेलीसुद्धा. कारभारी पायरीखाली उभे होते. त्यांनी एकदा मुलीकडं बघितलं, पत्रिका तिच्या हातात दिली, आणि खाली वाकून चपला काढायला लागले. डोळ्यांपुढं धुकं आल्यामुळं त्यांना चपलेचा पट्टा लवकर सापडत नव्हता.